झालं म्हणेपर्यंत

मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तरी स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण काळ्यावर पांढरं करणं हा त्यांचा धंदा होता. सिनेमा सुरू होताना पडद्यावर नावं येतात, अभिनय कुणाचा, संगीत कुणाचं, दिवे कुणी धरले. ती नावं मास्तर काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगाने लिहायचे. ह्या यादीला पुस्तकात श्रेयनामावली म्हणतात, स्टुडिओत टायटल्स म्हणायचे. प्रेक्षक तिला काहीच म्हणत नाही, कारण ती चालू असताना तो अंधारात आपली खुर्ची शोधत कुणाच्या तरी पायावर पाय देत असतो.

अशा कुणी न बघणाऱ्या कामासाठी माणसाने किती डोळे फोडावेत? पण मास्तरांना कोण सांगणार. एका अक्षराची कड जरा पसरली तर पुरं कार्ड बाद करायचे आणि वर रंगाला शिव्या द्यायचे.

लग्न नवं होतं तेव्हा त्यांचं पहिलं काम पडद्यावर आलं. बायकोला घेऊन ते थिएटरात गेले, चांगले वेळेआधी जाऊन बसले. बायकोची शाळा लहानपणीच सुटली होती. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे ती. वाचता यायचं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत. दिवे गेले, पडदा उजळला, मास्तरांनी तिच्या कानाशी लागून सांगितलं, "बघ हं आता." तिने मान उंचावली. नायकाचं नाव आलं, तिने बोट उचललं आणि हवेतच पहिल्या अक्षराखाली ठेवलं, तोवर नाव गेलं. मग दुसरं गेलं, तिसरं गेलं. शेवटी सिनेमाच सुरू झाला.

घरी येताना ती म्हणाली, "तुम्ही महिनाभर घासलंत, आणि त्यांनी एका घासात गिळलं की हो."

"वाचता आलं नाही तुला?"

"एकही नाही. आणि माझ्यासारखे निम्मे लोक असतील तिथे. त्यांनी काय करायचं?"

मास्तर तेव्हा हसले. पण ते बोलणं त्यांच्या मनात घर करून बसलं. पुढच्या सिनेमाच्या वेळी त्यांनी तिला सरळ कार्यशाळेतच नेलं. तिथे कुठल्याशा राजाच्या सिनेमातलं एक सिंहासन पडून होतं, एक हात मोडलेलं. त्यावर तिला बसवलं, समोर कार्ड धरलं आणि म्हणाले, "वाच. वाचून झालं की झालं म्हण. तोवर मी हात खाली घेत नाही."

ती वाचायची. मोठ्याने, बोट हवेत फिरवत. शेवटच्या अक्षरापाशी पोचली की म्हणायची, "झालं." कॅमेरावाला घड्याळ थांबवायचा, आणि ते नाव पडद्यावर तेवढाच वेळ राहायचं. पुढे मास्तरांच्या प्रत्येक सिनेमाला हीच पद्धत राहिली. निर्माते कुरकुरायचे, नावं फार रेंगाळतात म्हणायचे. मास्तर कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. ते म्हणायचे, "ती वाचते तेवढ्यात सगळं थिएटर वाचतं. त्याहून घाई हवी असेल तर दुसरा माणूस बघा." कॅमेरावाल्याने तिचं नाव झालंवहिनी ठेवलं होतं, आणि सिंहासन रिकामं असेल तर तो कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही.

सिंहासनावर बसलं की माणसाला मतं फुटतात म्हणतात ते काही खोटं नाही. थोड्याच दिवसांत झालंवहिनी नुसतं वाचून थांबेनाशी झाली. "ह्याचं नाव एवढं ठसठशीत कशाला? काम तर पाट्या टाकल्यासारखं करतो." किंवा, "हे दिवेवाले सगळे एकाच कार्डात कोंबलेत. गर्दीत चेंगरताहेत बिचारे. एकेकाला नीट उभं राहू द्या की." मास्तर तोंडाने वाद घालायचे आणि हाताने नवं कार्ड घ्यायचे. वर्षं सरली तसं तिचं बोट खाली आलं. अडखळणं गेलं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, शेजारणीची पत्रं, सगळं ती घडाघडा वाचू लागली. मास्तरांच्या कार्डांवर शिकलेली ती एकुलती एक विद्यार्थिनी, तेव्हा मास्तर हे नाव अगदीच फुकटचं नव्हतं.

त्यांची एकच लेक. ती त्या कार्यशाळेच्या फरशीवर रांगली, आणि मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात लागली. घरात जन्मापासून एकच प्रश्न ऐकत आली होती, वाचता येतंय का; तिने त्याचाच धंदा केला. समोर तक्ता, खुर्चीत गिऱ्हाईक, आणि हिचा प्रश्न, "आता? आता स्पष्ट दिसतंय?" आईबापांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचं घर होतं. दुकान बंद झालं की ती आधी इकडे यायची.

आणि मग एके दिवशी झालंवहिनी कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेली आणि परत आली नाही. संध्याकाळी एक अनोळखी माणूस तिला हाताला धरून घेऊन आला. पाव तिच्या हातात होता. ती मास्तरांना म्हणाली, "घर हलवलंत की काय तुम्ही?"

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, हजार प्रश्न विचारले. त्यातला एक मास्तरांना होता. "हे कधीपासून?"

"अचानक झालं," मास्तर म्हणाले. "तीन-चार महिने फार तर. त्याआधी खणखणीत होती."

डॉक्टर म्हणाले, हा आजार असा अचानक येत नाही, वर्षानुवर्षं आत पोखरत असतो. तुम्ही आधी आला असतात तर तो बरा झाला असता असं नाही, पण हाताशी वेळ मिळाला असता. तिला स्वतःला कळत होतं तोवर काही बोलता आलं असतं, काही ठरवता आलं असतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकीने बापाकडे न बघता विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ एकत्र. घरात, कामावर. तुमच्या एकदाही लक्षात आलं नाही?"

"नव्हतंच काही, तर लक्षात काय येणार?"

"काहीच नव्हतं?"

"अचानक झालं गं. शपथ."

लेकीने पुन्हा विचारलं नाही. रोज यायची, आईला आंघोळ घालायची, केस विंचरायची, बापाच्या ताटात वाढायची. पण त्या दिवसापासून बापाशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं. मास्तर त्या एका शब्दाला धरून उभे होते. अचानक. रात्री झोप लागली नाही तरी तो शब्द होता. आपण तिच्याकडे बघत होतो, नीट बघत होतो, नव्हतंच काही. हे खरं असेल तर बाकी सगळं सोसता येत होतं.

तिचं बोलणं हळूहळू गेलं. शेवटी मूठभर शब्द राहिले आणि त्यातला सगळ्यात चिवट शब्द निघाला 'झालं'. आंघोळीला नेलं की पाणी पडायच्या आत झालं. पहिल्या घासाला झालं. खिडकीतून कबूतर उडालं की झालं. ऐकणारा हसायचा आणि हसून झाल्यावर दुसरीकडे बघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचायला लावू नका, जमत नाही म्हणून त्रास होतो. मास्तरांनी उरलीसुरली कार्डं पलंगाखाली सरकवून दिली.

तोवर कामही सुटलंच होतं. पण त्यांच्या अखेरच्या सिनेमाच्या टायटल्सना मागाहून एक ढाल मिळाली. 'संथ आणि संयत मांडणीसाठी' असं तिच्यावर कोरलेलं होतं. मास्तर एकटेच जाऊन घेऊन आले. ढाल फडताळावर औषधांच्या डब्यांशेजारी उभी राहिली.

त्या ढालीच्या मागावर बाई आल्या. सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत त्या प्राध्यापिका होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलताना हात जाग्यावर राहायचे नाहीत. टायटल्स हाच त्यांचा विषय. सिनेमा सुरू झाल्यावर त्यांचं लक्ष उडतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मास्तरांचे मिळतील तेवढे सगळे सिनेमे त्यांनी बघितले होते, म्हणजे प्रत्येकाची सुरुवात. "आमच्या मुलांसमोर मला तुमच्या कामाची उकल करायची आहे. तुम्ही नुसतं येऊन बसा," त्या म्हणाल्या.

मास्तर आतून फुलले. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी टायटल्स बघायला खुर्चीत आधीपासून बसलं होतं. लेकीने दुकानातून सुट्टी घेतली, आईपाशी थांबली. शर्टाला इस्त्री करून दिली आणि फार दिवसांनी एक वाक्य जास्तीचं बोलली. "मास्तर शेवटी शाळेत चालले म्हणायचे."

"झालं," तिची आई म्हणाली.

वर्ग वरच्या मजल्यावर होता. लाकडी बाकं, जाड पडदे, पंधरावीस मुलंमुली. मास्तरांना पुढे बसवलं. बाईंनी अंधार केला आणि मास्तरांच्या उमेदीतला एक सिनेमा लावला. एकेक कार्ड थांबवून त्या दाखवू लागल्या. बघा, नाव डावीकडे खाली आहे, उजवी बाजू मोकळी. आणि नावं संपता संपता नायिका चालत येते ती त्याच मोकळ्या जागेतून. अक्षरांनी तिला आधीच वाट करून दिली आहे. मास्तर चकित झाले. हे त्यांनी केलं होतं खरं, पण ते स्वतः पार विसरून गेले होते. मग बाई म्हणाल्या, इथे दिवेवाल्यांच्या नावांना नायकाइतकाच अवकाश दिला आहे, हा त्या काळात धीट विचार होता. मास्तर गालात हसले. धीट विचार सिंहासनावर बसून शेंगदाणे खात होता हे त्यांना दिसत होतं.

मग बाईंनी दिवे लावले आणि मागच्या भिंतीकडे सगळ्यांना वळवलं. "आता गंमत बघा."

भिंतीवर कागदाच्या पट्ट्या टाचल्या होत्या. एकेक पट्टी म्हणजे मास्तरांचा एकेक सिनेमा, डावीकडून उजवीकडे, आधीचा आधी नंतरचा नंतर. पट्टीची लांबी म्हणजे त्या सिनेमात एक नाव साधारण किती वेळ पडद्यावर राहतं, ती. वेळ जास्त, पट्टी लांब.

"अगदी पहिला सिनेमा मला मिळाला नाही, पण त्याच्या पुढच्या ह्या पट्ट्या बघा," बाई म्हणाल्या. "चांगल्या लांब आहेत. मग हळूहळू आखूड होत जातात. मग ही मधली सगळी वर्षं बघा, सारखी, जवळजवळ कापून काढल्यासारखी. कुठलाही सिनेमा असो, विनोदी असो, रडका असो, मास्तरांचा हात एक. आणि मग इथून," त्यांनी भिंतीच्या उजव्या अंगाला बोट ठेवलं, "इथून पट्ट्या पुन्हा वाढायला लागतात. दर सिनेमाला थोडी जास्त. मी त्याच वर्षांतली इतरांची कामं मोजली. बाकी सगळे उलट घाईवर आले होते. एकटे मास्तर संथ होत गेले."

मास्तर हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. बाई पुढे म्हणाल्या की वेळ वाढला तशी मांडणीही बदलली. अक्षरं जाड झाली. दोन अक्षरांतली जागा वाढली. एका कार्डावर चार नावं असायची तिथे दोन आली, मग एकच. नावांमागे रंगवलेली चित्रं, पानं, पाणी, रस्ते, सगळं हळूहळू गेलं आणि नुसता काळा राहिला. "ढाल मिळाली तो सिनेमा हा. शेवटची पट्टी. पहिलीपेक्षाही लांब. कलावंत पिकत जातो तेव्हा नको ते गाळत जातो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी बघितलेलं नाही."

मास्तरांचा चेहरा तसाच हसरा राहिला.

पण अक्षरं जाड का केली ते आता त्यांना आठवलं. ती एका नावावर अडली होती. त्यांना वाटलं, आपलाच हात जड झाला, अक्षर नीट उठत नाही. त्यांनी कार्ड फाडून ठळक लिहिलं. पुढच्या सिनेमाला ती दोन अक्षरांच्या मध्ये थांबली. त्यांनी जागा वाढवली. मग ती एका ओळीवरून दुसरीवर जाताना चुकायला लागली. त्यांनी ओळी कमी केल्या. मागची रंगवलेली पानं हलतात, तिकडे लक्ष जातं, म्हणाली. त्यांनी पानं काढली. दर वेळी त्यांनी कार्डात खोट शोधली आणि दर वेळी ती सापडलीही, कारण शोधली की खोट सापडतेच. तिच्यात खोट असेल हे मनातसुद्धा आलं नाही. ती तर मोजायची पट्टी होती. कापड मोजायची पट्टीच रोज थोडी बदलत गेली, तर कापडवाल्याला कसं कळावं?

ते भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या कामाची उकल तिथे कुठेच नव्हती. तिथे त्यांची बायको होती. डावीकडे ती बोट ठेवून वाचत होती. मग घडाघडा वाचायला लागली. मग सुखाची सगळी वर्षं एका लांबीची. आणि मग ती वाचायला विसरत चालली होती, एकेका सिनेमाने, त्यांच्या डोळ्यांदेखत, ते हात उंच करून समोर उभे असताना. आणि ते तीन-चार महिने नव्हते. भिंतीचा चांगला हातभर भाग होता. वर्षानुवर्षं होती.

"सर," एका मुलीने विचारलं, "ही एक मधलीच आखूड कशी?"

खरंच, वाढत जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये एक अगदी आखूड होती, सुखाच्या वर्षांतल्यापेक्षाही आखूड. बाई म्हणाल्या, "हेच मलाही सुटत नाही. सगळा चढ सरळ आहे आणि हा एकच सिनेमा भरभर जातो. मास्तर, काय झालं होतं त्या वेळी?"

मास्तरांना आठवत होतं. कार्यशाळेच्या छताला गळती लागली होती. रंग वाळेना. ती म्हणाली, "घरी आणा सगळी कार्डं, मी वाळवते." घरभर भिंतीला टेकवून कार्डं उभी केली होती. मास्तर बाहेरून आले की ती त्या कार्डांसमोर जमिनीवर बसलेली दिसायची, ओठ हलताहेत. त्यांना वाटलं, आपलं काम निरखत बसली आहे. सुखावले ते. आणि कामाच्या दिवशी सिंहासनावर बसून ती अशी सरसर वाचत सुटली की कॅमेरावाला म्हणाला, "वहिनी, आज गाडी कुठे चुकतेय का?" फक्त मध्ये एकदा घोळ झाला. निर्मात्याने त्याच सकाळी दोन कार्डांची जागा बदलायला लावली होती. मास्तरांनी संकलकाचं कार्ड वर धरलं, तिने त्याच्याकडे सरळ बघितलं आणि वेशभूषावालीचं नाव वाचलं. "झालं," म्हणाली. सगळे हसले. सगळ्यात जोरात तीच हसली.

घरी जाताना तिने त्यांचा दंड धरला होता. म्हणाली, "आता दुसरं कुणीतरी बसवा त्या खुर्चीत. मला कंटाळा आलाय."

"तू नाहीस तर काम बंद," मास्तर म्हणाले होते. केवढ्या प्रेमाने म्हणाले होते. ती पुढच्या सिनेमाला मुकाट्याने येऊन बसली, आणि त्याच्या पुढच्यालाही.

"मास्तर?" बाई वाट बघत होत्या.

"छत गळत होतं," मास्तर म्हणाले. "त्या वर्षी."

वर्गाला वाटलं, म्हातारबुवांचा विनोद असेल, किंवा ऐकू कमी येत असेल. मुलं मायेने हसली. बाईंनी प्रश्न फिरवून विचारला, "बरं, पण एकंदर ही लय तुम्ही ठरवायचात कशी?"

"मी नाही ठरवली. माझी बायको वाचायची. तिचं वाचून होईतो मी कार्ड धरायचो."

हे मात्र सगळ्यांना फार आवडलं. टाळ्या झाल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या भिंतीकडे वळून बघावं असं कुणाला सुचलं नाही. मास्तरांनी हात जोडले. निघताना त्यांनी बाईंकडे ती मधली आखूड पट्टी मागितली. बाईंनी टाचणी काढून पट्टी दिली आणि म्हणाल्या, आठवण म्हणून बाकीच्याही न्या. मास्तर म्हणाले, नको, बाकीच्या राहू द्या.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. बायको खिडकीपाशी खुर्चीत होती, केस नीट विंचरलेले. लेक तिच्या पायांना तेल चोळत खाली बसली होती.

"कसं झालं?" तिने विचारलं.

मास्तरांनी चपला काढल्या नाहीत, इस्त्रीचा शर्ट काढला नाही. पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "तू दवाखान्यात विचारलं होतंस."

लेकीचे हात थांबले.

"होतं. माझ्या समोर होतं, आणि कितीतरी वर्षं होतं. मी अक्षरं मोठी करत बसलो." मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, पट्ट्या, जाड अक्षरं, काढून टाकलेली पानं. फडताळावरच्या ढालीकडे हात करून म्हणाले, "ते बक्षीस कशाचं आहे माहितेय तुला? हिच्या आजाराचं." खिशातून आखूड पट्टी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली आणि त्या गळक्या छताची गोष्ट सांगितली.

लेकीने पट्टी बोटांत धरली. मग म्हणाली, "म्हणजे आईला माहीत होतं."

"हो."

"आणि पाठ करून आली."

"मला कळू नये म्हणून. आणि सोडा म्हणाली तर मी सोडलं नाही गं तिला."

लेक उठली, आत गेली, हात धुतले. नळ उगाच वाहत राहिला. बाहेर येऊन म्हणाली, "माझ्याकडे आली होती ती, बाबा. दुकानात. म्हणाली, अक्षरं जागेवर राहत नाहीत. मी नंबर तपासला आणि नवा चष्मा दिला. वर्षाने परत आली, मी परत दिला. वर म्हटलं, आता न वाचायला काही बहाणा सांगू नकोस." ती भिंतीला टेकली. "तुम्हाला मी विचारलं, ते मला कुणी विचारू नये म्हणून."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले.

"झालं," खिडकीपाशी बसलेली तिची आई म्हणाली.

मास्तर वाकले आणि पलंगाखालून कार्डांचा गठ्ठा ओढला. धूळ बसली होती. चाळत चाळत त्यांनी एक काढलं, बाहीने पुसलं. संकलकाचं कार्ड, ज्याच्यावर ती दुसरंच नाव वाचून गेली होती. ते खुर्चीसमोर उभे राहिले, पूर्वी राहायचे तेवढ्याच अंतरावर, आणि दोन्ही हातांनी कार्ड छातीपाशी धरलं.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय," लेक म्हणाली.

"विचारत नाहीये तिला काही. नुसतं धरलंय."

दिवसभर पाण्याला, घासाला, कबुतराला झालं म्हणणारी ती बाई कार्डाकडे बघून गप्प झाली. तिची मान जरा उंचावली. मांडीवरचा हात हलला, वर आला, आणि बोट हवेत पहिल्या अक्षराखाली जाऊन थांबलं. ओठ उघडले. आवाज आला नाही. बोट पुढे सरकलं नाही, मागेही आलं नाही, तिथेच थरथरत राहिलं.

खोलीत अंधारून यायला लागलं. मास्तरांचे खांदे कापू लागले तसं लेकीने जवळ येऊन म्हटलं, "बाबा, हात खाली घ्या आता. दुखतील."

"थांब," मास्तर म्हणाले. "तिचं अजून झालेलं नाही."